लांबी भरायच्या आधी पत्रा दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विषय छोटा वाटेल, पण चारचाकी गाडीच्या मडगार्डच्या, म्हणजे चाकावरच्या बॉडीच्या पत्र्याच्या, रिपेरिंगबद्दल लिहितोय. दोन वर्षांपूर्वी माझ्या गाडीचं मागचं मडगार्ड खांबाला घासून चेपलं. गॅरेजवाल्याने दोन दिवसात चकाचक करून दिलं, मी पण खूश होऊन गाडी घेऊन आलो. दीड वर्षात चाकाच्या वरच्या कडेला रंगाला फुगे आले, नखाने दाबलं तर लांबीचा (रंगाआधी खड्डे बुजवायला लावतात त्या पुट्टीचा) जाड पोपडाच हातात आला आणि आत पत्र्याची गंजून चाळणी झालेली. डेंट नीट ओढलाच नव्हता, ओढायला भोकं पाडली होती ती तशीच ठेवून वरून लांबी थापली होती. आता लांबी पाणी शोषते, आतल्या बाजूने त्या भोकांतून ओल येत राहिली आणि वरून रंग छान दिसत असल्याने मला पत्ताच नाही.

ह्यात ग्राहकाला कोणी सांगत नाही ती गोष्ट म्हणजे पुढचं मडगार्ड आणि मागचं मडगार्ड ह्यात जमीन अस्मानाचा फरक आहे. बहुतेक गाड्यांत पुढचं बोल्टवर असतं, फार चेपलं किंवा फाटलं असेल तर सरळ बदला, फक्त बॉनेट आणि दरवाजाशी गॅप सारखी येते का ते रंगाच्या आधीच बघून घ्या. मागचं मात्र बॉडीलाच वेल्ड केलेलं असतं, ते बदलायचं म्हणजे कापायचं, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने कंपनीचं गंजरोधक कोटिंग जळतं. म्हणून मागचं होईल तितकं ओढून ठोकून सरळच करावं, लांबी फक्त शेवटचा उंचसखलपणा घालवायला, ३ मिलिमीटरच्या आत.

आणि मडगार्डच्या आतलं, चिखल अडवणारं प्लॅस्टिकचं लायनर! त्याच्या क्लिपा तुटल्या की लोक तसंच सोडून देतात, मग चिखल कडेच्या घडीत साठतो, ओला राहतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. लोंबतं लायनर टायरला घासतं ते वेगळंच.

माझी मागणी एवढीच आहे की लांबी लावायच्या आधी उघड्या पत्र्याचा फोटो ग्राहकाला दिलाच पाहिजे, बदललेला जुना पार्ट दाखवला पाहिजे आणि बिलावर रिपेर केलं की बदललं ते स्पष्ट लिहिलं पाहिजे. गॅरेजवाल्यांचे पाच मिनिटंही जात नाहीत ह्यात. तोपर्यंत वाचकांनी एक करावं, लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून मडगार्डवरून फिरवावं, जिथे पकड सुटते तिथे खाली जाड लांबी आहे (पत्रा लोखंडी असेल तरच, ॲल्युमिनियम किंवा प्लॅस्टिकच्या मडगार्डला हे चालत नाही).

माझ्या गाडीचा सडलेला भाग शेवटी कापून नवीन पत्रा वेल्ड करावा लागला, आतून गंजरोधक वॅक्स मारून घेतलं, आणि ह्यावेळी प्रत्येक टप्प्याला मी स्वतः गाडीजवळ उभा होतो.

आपला,
एक वाचक