महालाची सकाळ महालालाच द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की नागपूर दाखवण्याचा मोसम सुरू होतो. अधिवेशनाला आलेली मंडळी, लग्नाची वऱ्हाडे, पेंच-ताडोब्याला जाताना एक दिवस शहरात थांबणारे प्रवासी. यांतले बरेच जण हल्ली वाटाड्याला पैसे देऊन फक्त आपल्या कुटुंबापुरता 'हेरिटेज वॉक' ठरवतात. ते चांगलेच आहे, पण 'वॉक' म्हणून जे विकले जाते त्यात चालणे फारसे नसते. गाडीतून झिरो माइल, दीक्षाभूमी, फुटाळा, आणि परतताना दहा मिनिटे गांधीगेटसमोर फोटो. असा वॉक ठरवणाऱ्यांसाठी, आणि थंडीच्या पुरवण्यांत 'अर्ध्या दिवसात नागपूर' छापणाऱ्यांसाठीही, हे पत्र.

नागपूर एकदा नव्हे, दोनदा राजधानी झाले, आणि दोन्ही वेळा वेगवेगळ्या जागी. देवगडच्या बख्त बुलंद शहाने १७०२ च्या सुमारास बारा खेडी जोडून शहर वसवले, त्याच्या मुलाने, चांद सुलतानाने, देवगडहून राजधानी इथे हलवली, शहराला तट घातला, जुम्मा तलाव बांधला. १७४३ मध्ये पहिले रघूजी भोसले आले. ही पहिली राजधानी म्हणजे शहराचा आजचा महाल भाग. दुसरी इंग्रजांची. १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, १९०३ मध्ये वऱ्हाड जोडला गेला, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी जाईपर्यंत सगळा कारभार सीताबर्डीच्या पलीकडे, सिव्हिल लाइन्समधून चालला. या दोन राजधान्यांमध्ये सीताबर्डीची टेकडी आहे. एका सकाळी दोन्ही उरकायच्या म्हटले की एकही दिसत नाही.

म्हणून पहिली सकाळ महालाची ठेवा. शुक्रवारी तलावाच्या काठी, म्हणजे जुन्या जुम्मा तलावावर, जमायचे. मग गांधीगेट, कल्याणेश्वर मंदिर, भोसल्यांचा वाडा, रुक्मिणी मंदिर, कोतवाली, बडकस चौक आणि शेवटी चितार ओळी, म्हणजे मूर्तिकारांची गल्ली. गल्लीबोळांसह हे अंतर दोन-अडीच किलोमीटर भरते. सलग चालले तर पाऊण तासाचेही काम नाही. नीट थांबत गेले तर अडीच तास लागतात, आणि तेवढे लागायलाच हवेत. सात-आठच्या वर थांबे घेऊ नयेत. एका ठिकाणी दहा-बारा मिनिटांपेक्षा जास्त बोलले की मुले मोबाईल काढतात, मोठी माणसे सावली शोधू लागतात.

वेळ सकाळी साडेसातची. डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, त्यामुळे साडेसातला उजेड चांगला आणि रस्ता मोकळा असतो. दुकानांची शटर वर जाऊ लागली की दुचाक्या, हातगाड्या आणि सामान उतरवणारे छोटे टेम्पो एकदम अंगावर येतात. मग बडकस चौकात वाटाड्याने कितीही घसा ताणला तरी मागच्या दोघांना काही ऐकू जात नाही. नऊला सुरू केलेला वॉक हमखास इथेच फसतो. एप्रिल-मे मध्ये तर सहालाच निघावे आणि नऊच्या आत आटपावे. पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या गावात दहा वाजता दगडी फरशीवर अनवाणी उभे राहून शिल्प बघायचे म्हणजे चटके सोसायचे.

अनवाणीवरून आठवले. वाटेत तीन-चार वेळा चपला काढाव्या लागतात. नाडीचे बूट घातलेला एक जण सगळ्यांना थांबवून ठेवतो. पट्ट्यांच्या, चटकन निघणाऱ्या सँडल घाला. स्वच्छ स्वच्छतागृह या वाटेवर भरवशाचे नाही, तेव्हा घरून किंवा हॉटेलातून निघतानाच तो विचार करावा. बरोबर म्हातारी माणसे असतील तर वाटाड्याला आदल्या दिवशी सांगून कोतवालीजवळ ऑटो उभा ठेवायला लावा. आयत्या वेळी सकाळी महालात ऑटो मिळेलच असे नाही.

आता प्रत्यक्ष पाहण्याबद्दल. गांधीगेट म्हणजे जुना जुम्मा दरवाजा. इथे पाच मिनिटे जास्त द्या, कारण पुष्कळ वाटाडे हा दरवाजा नुसता 'भोसलेकालीन' म्हणून उरकतात. भोसले आणि इंग्रज यांच्यातली सीताबर्डीची लढाई २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला झाली हे सगळे सांगतात, पण ती संपल्यावरही शहर पडले नव्हते. अप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या स्वाधीन झाल्यावरही त्यांचे अरब शिपाई शहरात ठाण मांडून होते. इंग्रजांनी याच दरवाज्यावर तोफा डागल्या. २४ डिसेंबरचा हल्ला फसला, आणि ३० तारखेला बोलणी होऊन अरब बाहेर पडले. म्हणजे नागपूरची लढाई टेकडीवर सुरू झाली आणि या दरवाज्याच्या आसपास संपली. दरवाज्याखाली उभे राहून तलावाकडे पाठ करा आणि तटाची ओळ डोळ्यांसमोर आणा. तट आता नाही, पण शहराच्या आत कुठे आणि बाहेर कुठे हे इथेच कळते.

भोसल्यांच्या वाड्याबद्दल दोन गोष्टी स्पष्ट हव्यात. काळ्या दगडाचा, लाकडी कोरीव कामाचा जो मोठा राजवाडा पुस्तकांतून वाचायला मिळतो तो १८६४ च्या आगीत गेला, नगारखान्याचा दरवाजा तेवढा वाचला. आज 'सीनियर भोसला वाडा' म्हणून जो दाखवतात तो घराण्याचा राहता वाडा आहे, म्युझियम नाही. 'आत नेतो' असे वाटाडा म्हणाला तर परवानगी कोणी दिली हे विचारावे. बाहेरूनच बघायचे असेल तर तसे आधी सांगावे, त्यात कमीपणा काही नाही. वाड्याच्या दारात सांगण्यासारखे पुष्कळ आहे. १८५४ नंतर इथले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीच्या बाजारात कवडीमोलाने विकले गेले आणि जडजवाहीर कलकत्त्याला पाठवले गेले. एक राज्य कसे मोडीत काढतात हे एवढ्या एका गोष्टीतून ध्यानात येते.

चितार ओळी शेवटी ठेवायची, कारण पावले इथे आपोआप मंदावतात. श्रावण-भाद्रपदात आलात तर लाकडी आधाराला बांधलेला पेंढ्याचा सांगाडा, सुतळीचे घट्ट वेढे आणि त्यावर चढलेला मातीचा पहिला हात दिसेल. तो वाळताना भेगा पडतात, त्या बुजवून मग बारीक मातीचा हात, मग रंग, डोळे सगळ्यांत शेवटी. ओल्या मूर्तीला बोट लावू नका. बोटाचा ठसा काढायला कारागिराला पुन्हा पाणी लावून घोटावे लागते आणि त्या जागची माती वेगळी वाळते. फोटो विचारूनच काढा. फ्लॅशचा त्रास मूर्तीला नाही, मूर्तीचे डोळे रंगवणाऱ्या माणसाला होतो. इथून सेंट्रल अव्हेन्यूवर आले की चितार ओळी चौक मेट्रो स्टेशन हाकेच्या अंतरावर आहे. म्हणूनच गाडी सुरुवातीच्या ठिकाणी लावू नका, नाहीतर परत तलावापर्यंत उलटे चालावे लागते. तर्री पोहे वॉकच्या शेवटीच खा. आधी खाल्ले तर मंदिरांत पाण्याची शोधाशोध होते, आणि पांढऱ्या शर्टावर तर्री सांडली की उरलेला सगळा इतिहास त्या डागाकडे बघत ऐकावा लागतो.

पैसे ठरवताना दर माणशी आहे की गटाचा, हे पहिले विचारा. खासगी वॉकचा दर गटाचा असावा, आणि गट सहा-आठ जणांच्या वर नसावा. त्यापुढे बोळ अडतो, लोक वैतागतात आणि आवाजही पोचत नाही. ऑटो, नाश्ता, तिकिटे धरली आहेत की नाही, आणि पाऊस आला तर पैसे परत की दुसरा दिवस, हे मोबाईलवर लिहून घ्या. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचे ओळखपत्र असेल तर बघा, पण तेवढ्यावर जाऊ नका. फोनवर एकच प्रश्न विचारा: "भाऊ, गांधीगेटचे जुने नाव काय?" जो अडखळेल त्याला नमस्कार.

सिव्हिल लाइन्सची सकाळ वेगळी करा. ती ताणलेली आहे, इमारती लांब लांब आहेत. पण अधिवेशनाच्या दिवसांत तिकडे फिरकू नका. बंदोबस्त, मोर्चे, बंद रस्ते. विधानभवनाजवळ वाटाडा काय करणार? त्या आठवड्यांत महालच बरा. मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ चा. सोमवारी बंद असतो, आणि बाहेरगावचे लोक नेमके सोमवारी येतात. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट, एवढेच दिवस तो लोकांना खुला असतो. एरवी 'किल्ला आतून' असे पत्रकात लिहिलेले दिसले तर जपून. महालासाठीही काही दिवस टाळावेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, तेव्हा त्या रस्त्यांवर चालण्याचा प्रश्नच नसतो. मारबत बघायची तर तीच बघायला या, वॉक दुसऱ्या दिवशी.

आता पुरवण्यांत दर वर्षी छापून येणाऱ्या दोन गोष्टी. एक, झिरो माइल म्हणजे भारताचा मध्यबिंदू. चार घोड्यांपुढे उभे राहून लोक फोटो घेतात, खरी मोलाची वस्तू शेजारचा दगड आहे. तो भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणातला, १९०७ चा, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची खूण सांगणारा: १०२०.१७१ फूट. हैदराबाद, चांदा, जबलपूर, छिंदवाडा अशी मैलांतली अंतरेही तिथे आहेत. मोजणीसाठी ठोकलेली खूण आणि देशाचा मध्य यांत फरक आहे. आजच्या भारताचा भौगोलिक मध्य कटनी जिल्ह्यातल्या करौंदीजवळ मानतात. दशांशाच्या तीन घरांपर्यंत उंची मोजणारी माणसे इथे शंभर वर्षांपूर्वी उभी होती, हे मध्यबिंदूच्या कथेपेक्षा कितीतरी भारी नाही का?

दुसरी, सीताबर्डीच्या किल्ल्यातली 'गांधी कोठडी'. १९२३ च्या एप्रिल-मे मध्ये गांधीजी तिथे कैदेत होते असे सर्रास लिहिले जाते. मार्च १९२२ मध्ये शिक्षा झाल्यावर ते येरवड्याला गेले, आणि जानेवारी १९२४ मध्ये अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवेपर्यंत येरवड्यातच होते. तेव्हा यंदाच्या पुरवणीत किल्ल्याच्या चौकटीतून तेवढे वाक्य काढावे, आणि त्या जागी किल्ला उघडा असण्याच्या तीन तारखा छापाव्यात, ही विनंती.

आपले,
महालातील काही वाटाडे, नागपूर