बंदरं बुजवू नका, त्यांच्या काठाने बाग करा

मा. केंद्रीय बंदरे, नौवहन आणि जलमार्ग मंत्री यांस,

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी घोडपदेवला राहते. रे रोड स्टेशनला उतरून पूर्वेकडे गेलं की कोळसा बंदर, लकडी बंदर, कौला बंदर, दारूखाना अशी एकेक नावं लागतात. नावात सगळीकडे बंदर, पण समुद्र काही दिसत नाही, दिसतात त्या मुंबई पोर्टच्या भिंती, गोदामं आणि दोन्ही बाजूला लागलेले ट्रेलर. दोन धक्क्यांच्या मधे पाण्याच्या अरुंद पट्ट्या आत आल्यात, पूर्वी त्यातून कोळशाच्या, लाकडाच्या, कौलांच्या बोटी यायच्या, अक्षरशः कारखान्यांसाठीचे कालवेच ते. आता ओहोटीला बघा, काळाकुट्ट गाळ, त्यात अर्धी रुतलेली साखळी आणि वर तेलाचा तवंग. आमची पोरं ट्रेलरच्या मधल्या जागेत क्रिकेट खेळतात, बॉल त्या पाण्यात गेला की बांबूला प्लास्टिकची करंडी बांधून काढतात. मैदान नाहीच तर करणार काय. अख्ख्या मुंबईत माणशी मोकळी जागा दीड चौरस मीटरसुद्धा येत नाही, आणि आमच्या बाजूला तर त्यातलं नावालाही काही नाही.

2014 ला राणी जाधव समितीने पोर्टच्या जमिनींवर रिपोर्ट दिला तेव्हापासून ऐकतोय की पूर्व किनारा लोकांसाठी खुला होणार. होऊ दे, मनापासून सांगते आम्हाला हवंच आहे ते. माझं म्हणणं एवढंच आहे की हे बंदराचे जुने कालवे बुजवू नका, त्यातलं पाणी राहू द्या आणि त्या पाण्याच्या कडेने बाग करा.

हे मुद्दाम लिहितेय कारण बुजवायचं काम इथे आधी झालंय. प्रिन्सेस डॉक 1880 ची, व्हिक्टोरिया डॉक 1888 ची. 14 एप्रिल 1944 ला फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला तो या व्हिक्टोरिया डॉकमध्ये, अग्निशमन दलाचे 66 जवान गेले, आजही त्या तारखेपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. पण ती गोदी मुलांना दाखवायची म्हटलं तर दाखवणार काय, कंटेनर टर्मिनलसाठी दोन्ही गोद्यांमध्ये भराव टाकला. एकदा भराव पडला की तिथला समुद्र परत येत नाही साहेब. आणि किनारा जितका पुढे ढकलाल तितके पावसाचे नाले लांबतात, उतार कमी होतो. भरती साडेचार मीटरच्या वर गेली की नाल्याचं पाणी आपोआप बाहेर जातच नाही, म्हणून तर पालिकेला रे रोडला ब्रिटानिया पंपिंग स्टेशन बांधावं लागलं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला होता, तो दिवस ज्याने बघितलाय तो पाण्याची वाट अडवायचं नाव काढणार नाही.

आता गाळाचं. बाग म्हणजे लाल माती आणून ओतली, लॉन लावलं, बाकडी टाकली असं इथे चालणार नाही. दारूखान्यात वर्षानुवर्षं जहाजं फोडली गेली, आपली जुनी युद्धनौका विक्रांतसुद्धा 2014 ला इथेच तोडायला घेतली. जहाज फोडलं की तेल, जुना शिशाचा रंग, अ‍ॅस्बेस्टॉस सगळं बाहेर येतं आणि ओहोटीच्या गाळात मुरतं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये गोवानस कॅनॉल आहे, गॅस कारखान्यांच्या डांबराने त्याचा तळ इतका सडला होता की सरकारने 2010 ला तो सर्वात धोकादायक जागांच्या यादीत टाकला, आणि मुख्य गाळ काढायला 2020 उजाडलं. म्हणजे या कामाला वेळ लागतो, खर्च लागतो, पण ते टाळून त्याच्यावर मुलांची घसरगुंडी उभी करता येत नाही.

चांगली उदाहरणंही आहेत. लंडनला किंग्स क्रॉसजवळ रीजंट्स कॅनॉलच्या काठी कोळसा उतरवायची जागा होती, तिथे 1985 ला कॅमली स्ट्रीट नॅचरल पार्क सुरू झालं, जेमतेम दोन एकर, पण पाणी तसंच ठेवून. आणि लांब कशाला जायचं, धारावीच्या शेजारी मिठीच्या काठावर आपलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, 37 एकर, तिथे आधी शहराचा कचरा पडायचा. आपल्याच माणसांनी केलंय ना ते. शिवडीच्या चिखलात दर हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात, बाजूला थोडं खारफुटीला वाढू दिलं तर पक्षी इकडेही सरकतील असं मला फार वाटतं.

भीती एकाच गोष्टीची आहे. आम्ही गिरणगावातली माणसं, जमिनीचं काय होतं ते बघितलंय. 1991 च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागेसाठी पालिकेला मिळणार होता, 2001 ला नियम बदलला आणि हिशोब गिरणीच्या इमारती सोडून फक्त रिकाम्या जागेचा झाला, 2006 ला सुप्रीम कोर्टातही तेच टिकलं. लालबाग-परळला टॉवर आले, मैदानं काही आली नाहीत. इथेही बाग शेवटी उरलेल्या तुकड्यावर आणि टॉवरवाल्यांच्या गेटच्या आत असं होऊ नये. आणि कौला बंदरच्या वस्तीतली माणसं, ज्यांनी ती जहाजं हाताने फोडली, त्यांना आधी जवळपास घर द्या, त्यांना उठवून केलेल्या बागेत आम्हाला फिरायला जमणार नाही.

म्हणून कुठलीही नवी लीज देण्याच्या आधी प्रत्येक बंदराच्या पट्टीतल्या गाळाची तपासणी करून घ्या आणि तो रिपोर्ट मराठीत पालिकेच्या ई वॉर्डच्या ऑफिसात लावा. नकाशावर पाण्याची हद्द आणि काठाची सार्वजनिक जागा पक्की करा, तिकीट न लावता, आणि रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी तिन्ही स्टेशनांवरून तिथे चालत जायला नीट फुटपाथ द्या, कारण आमच्याकडची बहुतेक माणसं चालतच येणार.

आपली,
घोडपदेवची एक रहिवासी