आधी साधी बाटली तरी नीट तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला लघवीतल्या नव्या बायोमार्करवरचा, म्हणजे किडनीचा बिघाड दाखवणाऱ्या खुणांवरचा, लेख वाचला. छान आहे. एनगॅल, किम-वन, सगळ्यांची नावं कळली, उपयोग काय ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

एनगॅल भारी आहे हो, कोण नाही म्हणतंय. २००५ मध्ये हार्ट सर्जरी झालेल्या ७१ मुलांवर अभ्यास झाला होता, त्यात ज्यांच्या किडनीला मार बसला त्यांच्या लघवीत ते दोन तासांत वाढलेलं दिसलं, आणि रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा कचरा, जो किडनी बाहेर टाकते) वाढायला १ ते ३ दिवस गेले. पण ही झाली अचानक बसलेल्या फटक्याची गोष्ट, ऑपरेशन, आयसीयू वगैरे. डायबेटिस किडनीला वर्षानुवर्षं गुपचूप पोखरतो ते प्रकरण वेगळं, आणि तुमच्या लेखकाने दोन्हीची खिचडी केलीये. शिवाय लघवीत साधं इन्फेक्शन असलं तरी एनगॅल वाढतं, हे एका ओळीत लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

मला राग येतो त्याचं कारण माझा मोठा भाऊ. दादाला ११ वर्षं डायबेटिस. दरवर्षी रक्त द्यायचा, दरवर्षी क्रिएटिनिन १.१ नाहीतर १.२, आणि दरवर्षी 'किडनी एकदम नॉर्मल' म्हणून पाठीवर थाप. आता किडनीचं निम्मं काम जाईपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मलच्या आत राहू शकतं, त्यात दादा म्हणजे काडी, अंगात स्नायूच नाहीत तर क्रिएटिनिन वाढणार कुठून! वय आणि क्रिएटिनिन घालून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, निघतो, त्याला वेगळं रक्तही लागत नाही, पण रिपोर्टवर तो छापलेला नाही.

लघवीला फेस येतो हे पहिल्यांदा वहिनीच्या लक्षात आलं. दादा म्हणाला टॉयलेट क्लीनरचा असेल. तिने चार दिवस क्लीनर टाकलाच नाही. फेस तसाच. मग मी सगळी फाइल काढून बसलो तर आधीच्या सलग दोन वर्षांच्या युरीन रूटीनमध्ये 'अल्ब्युमिन : ट्रेस', म्हणजे लघवीत प्रोटीनचा अंश, असं स्वच्छ छापलेलं, त्यावर पेनाची साधी खूणसुद्धा नाही. सॅम्पल कधीचं, तर दुपारचं, तांब्याभर पाणी पिऊन दिलेलं. इतक्या पातळ लघवीत तपासायच्या पट्टीला दिसणार तरी काय? म्हणून तर लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचा रेशो काढतात, लघवी पातळ असो की दाट, हिशोब फारसा चुकत नाही. टाइप टूवाल्यांनी निदान झाल्यापासून दरवर्षी ही टेस्ट करायची असते. दादाची पहिल्यांदा झाली ११ वर्षांनी, तीसुद्धा मी भांडलो म्हणून. आकडा आला ३४०, हवा ३०च्या आत. ताप, इन्फेक्शननेही वाढतं म्हणून पुन्हा केली, पुन्हा तेच. प्रोटीन गळणं कमी करणाऱ्या गोळ्या आता सुरू झाल्यात, त्या आकडा ५०-६० असतानाही देता आल्या असत्या.

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही आधी सांगायला हवं होतं." आम्ही! धन्य आहे.

तर साहेब, नव्या मार्करवर अर्धं पान जरूर द्या, पण ही जुनी टेस्ट तुमच्या लेखात आलीये कुठे तर शेवटच्या चौकटीत, आणि तिथेही घोळ. 'रेशो ३० ग्रॅमच्या आत हवा' असं छापलंय. मिलिग्रॅम हो, मिलिग्रॅम! एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅम. दादाने ती चौकट वाचून मला फोन केला, म्हणाला मग माझं तर काहीच नाही. त्याला समजावण्यात माझा अर्धा तास गेला.

दुरुस्ती छापणार असाल तर आतल्या पानावर कोपऱ्यात चालेल, फक्त 'मिलि' जरा ठळक टाइपात घ्या.

आपला,
एक जुना वाचक