वेचाईची बाकी रोजच्या ओळीत दिसू द्या

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सीतादही (वेचणीआधी शेतात होणारी कापसाची पूजा) झाली की कापसाची वेचणी सुरू होते, आणि तिच्यासोबत किलोवारी मजुरीचा हिशेबही. हा हिशेब आता वहीऐवजी मोबाइलमधल्या गूगल शीट्सवर नाहीतर संगणकातल्या एक्सेलवर लिहिला जाऊ लागला आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण पुष्कळदा शीटच्या तळाशी एकच बेरीज असते. मजुरी बाजाराच्या दिवशी द्यायची, मधे दोनदा उचल गेलेली; अशा वेळी त्या दिवसापर्यंत कोणत्या बाईचे किती निघतात हे त्या दिवसाच्या ओळीतच दिसायला हवे. वहीत आपण ‘मागील पानावरून पुढे’ लिहितो, तेच हे काम. ते चुकीचे मांडले तर नुकसान वेचणाऱ्या बाईचे होते, म्हणून तपशीलाने लिहीत आहोत.

रकाने सात पुरतात: ए तारीख, बी बाईचा क्रमांक, सी वजन, डी दर, ई मजुरी, एफ उचल, जी बाकी. नावाऐवजी क्रमांक का? एका दिवशी ‘शोभा’, दुसऱ्या दिवशी ‘शोभाबाई’ असे लिहिले की शीटच्या लेखी त्या दोन बाया झाल्या. नावामागे एक रिकामी जागा सुटली तरी तेच होते.

बहुतेक जण बाकी काढताना वरच्या ओळीतली बाकी घेऊन तीत आजची मजुरी मिळवतात. सरळ वाटते, पण धोका इथेच आहे. १४ तारखेचे वजन लिहायचे राहिले आणि नंतर १३ व १५ च्या मधे ओळ घातली, तरी १५ ची ओळ १३ चीच बाकी उचलत राहते. १४ ची मजुरी पुढच्या बेरजेतून गळते आणि शीट कुठलीही चूक दाखवत नाही. अख्खी ओळच काढून टाकली (डिलीट केली) तर निदान ‘रेफ’ अशी चुकीची खूण, म्हणजे लाल दिवा तरी लागतो. घातलेली ओळ मात्र गुपचूप घात करते.

त्यापेक्षा दरवेळी पहिल्यापासून बेरीज घ्या. एका बाईची एक शीट असेल तर जी२ मध्ये (जी रकान्याच्या दुसऱ्या ओळीत) बेरजेचे सूत्र =सम($ई$१:ई२)-सम($एफ$१:एफ२) लिहा आणि खाली ओढा. (टाइप करताना अक्षरे आणि आकडे दोन्ही इंग्रजी कळफलकावरचे.) डॉलरच्या खुणेमुळे सुरुवात जागची हलत नाही, शेवट मात्र ओळीगणिक खाली सरकतो. पहिली ओळ शीर्षकाची असली तरी सम अक्षरे सोडून देतो. शिवाय शीर्षकाच्या लगेच खाली ओळ घातली तरी ती बेरजेत येते. नव्या ओळीत तेवढे सूत्र पुन्हा ओढायचे. सगळ्या बाया एकाच शीटवर असतील तर समइफ वापरा, तो फक्त त्याच क्रमांकाच्या ओळींची बेरीज करतो: =समइफ($बी$१:बी२,बी२,$ई$१:ई२), आणि त्यातून तसाच उचलीचा समइफ वजा करा. हजार ओळींना संगणकाला पाच लाखांवर बेरजा कराव्या लागतात, पण एका हंगामाच्या शीटला ते जड नाही.

दर एकाच सेलमध्ये (शीटच्या एका चौकटीत) ठेवून सगळीकडे तोच वापरू नका. पुढच्या वेचणीला दर वाढतो. तो सेल बदलला की मागच्या सगळ्या दिवसांची मजुरीही बदलते आणि दिलेल्या पैशांशी मेळ बसत नाही. दर रोजच्या ओळीतच लिहावा.

पूर्णांकाचेही तसेच. समजा दर १० रुपये आणि तीन दिवसांची वजने १८.३५, २१.४५ आणि १६.७५ किलो. मजुरी १८३.५०, २१४.५० आणि १६७.५०. पैसे लपवले की शीट १८४, २१५ आणि १६८ दाखवते. बाई बोटांवर मोजून ५६७ म्हणते, शीट ५६६ म्हणते, कारण आतली खरी बेरीज ५६५.५० आहे. इथे बाईचे बरोबर आहे, तिला तेच आकडे सांगितले होते. म्हणून ई२ मध्ये =राउंड(सी२*डी२,०) घ्या.

उचलीच्या रकान्यात ‘५००/-’ लिहायची सवय फार जुनी आहे. शीट त्याला मजकूर समजते, सम तो सोडून देतो, आणि ती उचल कापलीच जात नाही. मग हंगामाच्या शेवटी भांडण. रकान्याची मांडणी बदललेली नसेल तर आकडा सेलच्या उजव्या कडेला जातो आणि मजकूर डाव्या. रोज एवढे डोळ्याखालून घाला. रकान्याचा काउंट (फक्त आकडे मोजणारा) आणि काउंटए (भरलेले सगळे सेल मोजणारा) शीर्षक सोडून सारखे आले पाहिजेत. फरक आला तर तेवढ्या नोंदी मजकूर म्हणून बसल्या आहेत.

गावोगावी एमएस-सीआयटी केलेली मुलेमुली आहेत. वेचणीच्या तोंडावर त्यांनी एक संध्याकाळ बचत गटाच्या बायांसोबत बसून हा एक रकाना करून दाखवावा, आणि मजुरी देताना शेतकऱ्याने शेवटच्या ओळीतली बाकी बाईला वाचून दाखवावी, ही आमची विनंती आपल्या पत्रातून पोचावी.

आपले,
बचत गटांचे हिशेब पाहणारे काही जण,
तालुका राळेगाव, जिल्हा यवतमाळ