मदत घेणाऱ्याकडून काय मागितलं?

परळ, मुंबई

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

काही देश वर येतात आणि काही रुतून बसतात, याची तुझ्या निबंधाच्या टिपणातली कारणं वाचली: हवामान, संस्कृती, वसाहतवाद, शासनसंस्था. चुकीचं त्यात काही नाही, पण देश प्रत्यक्षात वर कसा येतो ते त्यातून कळत नाही. संस्कृतीचं उत्तर तर कोरियातच अडतं. 1945 मध्ये 38 व्या अक्षांशावर देश दुभंगला. दोन्हीकडे माणसं तीच आणि भाषा तीच, शिवाय वीज आणि मोठे कारखाने जास्त करून उत्तरेकडे. तरी दक्षिण पुढे गेली आणि उत्तर मागे राहिली, ते तुला माहीत आहे.

सरकार उद्योगांना मदत करतं की नाही, यावर लोक तासन् तास भांडतात. मदत जवळजवळ सगळीच सरकारं करतात. मी दुसरंच विचारते: मदत घेणाऱ्याकडून काय मागितलं, आणि त्याला ते जमलं नाही तेव्हा काय केलं?

दक्षिण कोरियात 1950 च्या सुमारास कुळांना जमिनी मिळाल्या, कमाल धारणा साधारण तीन हेक्टर ठरली. पाठोपाठ प्राथमिक शाळा गावोगाव पोचल्या. या पायाशिवाय पुढचं घडलं नसतं. 1960 च्या दशकात पार्क चुंग-ही सरकारने कारखानदारांपुढे एकच माप ठेवलं: निर्यात. परदेशी ग्राहकाची एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे माल पोचता केला की पैसे देण्याची त्याच्या बँकेची हमी) बँकेत दाखवली की स्वस्त कर्ज मिळे आणि कच्चा माल बिनजकात आणता येई. निर्यातीचा आढावा घेणाऱ्या मासिक बैठकीला राष्ट्राध्यक्ष स्वतः बसत. जो मागे पडे त्याचं कर्ज आटे. 1964 मध्ये वर्षाची निर्यात 10 कोटी डॉलर होती, 1977 मध्ये ती 1,000 कोटींवर गेली. निर्यातच का निवडली, हे नीट समजून घे. देशातल्या बाजारात मंत्र्याच्या ओळखीवर माल खपवता येतो; न्यूयॉर्कच्या दुकानदाराला त्या ओळखीशी काही देणंघेणं नसतं. त्याने माल परत पाठवला की फसवणूक तिथेच उघडी पडते. ती राजवट हुकूमशाही होती, कामगार चळवळ तिने निर्दयपणे चिरडली. त्याचं समर्थन मी कधीच करणार नाही, आणि निर्यातीचं माप लावायला लाठीची गरज होती असंही मला वाटत नाही.

आता आपल्या गिरणगावाकडे बघ. 1956 पासून गिरण्यांच्या मागांची संख्या जवळजवळ गोठवली गेली आणि वाढ यंत्रमागांकडे, भिवंडी-मालेगावकडे वळली. गिरणीमालकाला विस्ताराला वाव नव्हता, आणि बाहेरचं कापड येत नसल्यामुळे यंत्रं बदलायची निकडही नव्हती. गिरणी आजारी पडली की सरकार ती ताब्यात घेई. 1982 च्या संपानंतर मुंबईतल्या 13 गिरण्यांचं तेच झालं. मोठा कारखाना बंद करायला सरकारी परवानगी लागे, ती सहसा मिळत नसे. म्हणून गिरणी कागदावर चालू आणि प्रत्यक्षात बंद अशी वर्षानुवर्षं राही, तिथे अडकलेलं भांडवल दुसरीकडे जात नसे आणि कामगाराला ना पगार, ना ग्रॅच्युइटी. कामगाराचं रक्षण करायचं तर त्याची देणी आधी चुकती व्हायला हवीत. इथे रक्षण झालं ते इमारतीचं, आणि पुढे जमिनीच्या भावाचं. तयार कपडे शिवणं तर 2000 च्या वस्त्रधोरणापर्यंत लघुउद्योगांसाठी राखीव होतं. म्हणजे ज्या कामात हजारो बायकांना रोजगार मिळाला असता, तिथे मोठा कारखानाच उभा राहू दिला नाही.

बांगलादेशात कापूस जवळजवळ पिकत नाही, तरी तो कपड्यांचा मोठा निर्यातदार झाला. कोरियाच्या कपड्यांवर अमेरिकेचा कोटा, म्हणजे आयातीची मर्यादा होती, बांगलादेशवर नव्हता. म्हणून 1979 मध्ये कोरियाच्या देवू कंपनीने चितगावच्या देश गारमेंट्सचे सुमारे 130 लोक बुसानला नेऊन शिकवले. त्यातले बहुतेक पुढे नोकरी सोडून दुसऱ्या कारखान्यांत गेले, काहींनी स्वतःचे काढले. विद्या पसरली ती अशी. पण विद्येइतकेच दोन नियम कामी आले, ते बारकाईने बघ.

कारखानदाराकडे कापडाला पैसे नाहीत. परदेशी ग्राहक त्याच्या नावे एलसी उघडतो. ती तारण धरून ढाक्याची बँक कापड पुरवणाऱ्याच्या नावे दुसरी, कमी रकमेची एलसी उघडते आणि कापडाचे पैसे, समजा, 90 दिवसांनी द्यायचे ठरतात. तेवढ्यात शर्ट शिवून जहाजावर चढतात, डॉलर येतात, बँक कापडाची रक्कम कापून उरलेली मालकाला देते. दुसरा नियम बाँडेड वखारीचा: कापड बिनजकात येतं, पण आलेल्या आणि शिवून गेलेल्या मालाची पासबुकात नोंद होते. तेच कापड स्थानिक बाजारात विकलं तर जकात आणि दंड. बिघडतं कुठे? माल उशिरा निघाला की एलसीची मुदत संपते, ग्राहक भाव पाडतो किंवा विमानाने पाठवायला लावतो. कापडाचं देणं मात्र ठरल्या तारखेला उभं, मग ते बँकेचं थकीत कर्ज होतं. म्हणून बंदरातला एकेक दिवस मोलाचा. आणि घाई माणसांच्या जिवावर उठली तर काय होतं, ते 2013 मध्ये राना प्लाझा कोसळून 1,100 हून अधिक जीव गेले तेव्हा जगाने पाहिलं. इमारतीची तपासणीही हिशोबातच धरली पाहिजे.

डॉलरचा हिशोब चुकला तर बाकीचं सगळं थांबतं. 1991 च्या जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने मुंबईहून सुमारे 47 टन सोनं तारण म्हणून विमानाने लंडनला पाठवलं, कारण परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीइतकी उरली होती. श्रीलंकेने 2019 च्या शेवटी व्हॅट 15 वरून 8 टक्क्यांवर आणला, म्हणजे सरकारचं करउत्पन्न घटवलं, आणि 2021 मध्ये रासायनिक खतांवर अचानक बंदी घातली. भाताचं पीक घटलं, तांदूळ बाहेरून आणायला डॉलर लागले, आणि एप्रिल 2022 मध्ये परदेशी कर्जफेड थांबवावी लागली. कोरियाही 1997 मध्ये असाच अडकला: बँकांनी अल्पमुदतीचे डॉलर उचलून लांब मुदतीच्या कारखान्यांत घातले होते. पण तिथे मोठी नावंही बुडू दिली गेली. 1999 मध्ये देवू कोसळली, तीच, जिने चितगावच्या मुलांना शिवण शिकवली होती.

खनिजांच्या देशांबद्दल थोडंच लिहिते. तेलाचे डॉलर आले की चलन महाग होतं, मग आयात स्वस्त पडते आणि आपला माल परदेशात महाग; नायजेरियाच्या भुईमुगाची निर्यात अशीच बसली. बोट्सवानाने हिऱ्याच्या कंपनीत आपला वाटा 1975 मध्ये 15 वरून 50 टक्क्यांवर नेला आणि उत्पन्नाचा काही भाग 1994 पासून वेगळ्या निधीत ठेवला. आता प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांनी भाव पाडल्यावर त्याचीही परीक्षा सुरू आहे.

निबंधासाठी एकच देश घे. त्याची गंगाजळी महिन्याच्या आयातीने भाग. तीनच्या खाली आलं तर सावध हो. मग वर्षाच्या आत फेडायचं परदेशी कर्ज तिच्याशी ताडून बघ. शेवटी तिथे बुडालेली कंपनी बंद व्हायला किती काळ लागतो आणि कामगाराची देणी कितव्या क्रमांकावर मिळतात, हे कायद्यातून शोध. आपल्याकडे 2016 च्या दिवाळखोरी संहितेत कलम 53 बघ.

तुझी,
आई