पान उलटून कोण बघणार?

द्राक्षबागांतील रोगांवर उपग्रहातून नजर ठेवण्याबाबतची आपल्या अंकातील बातमी वाचली. तंत्राला विरोध नाही, पण त्यावर विसंबून फवारणीचे सल्ले देण्याची घाई नको. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला सर्वांत बारीक ठिपका (पिक्सेल) जमिनीवरच्या १० बाय १० मीटर जागेचा. नऊ बाय पाच फुटांच्या लागवडीत तेवढ्या जागेत चोवीसेक झाडे येतात. डाऊनी (केवडा) हा रोग मात्र एखाद्या झाडाच्या दोन-चार पानांवर तेलकट पिवळसर डागांनी सुरू होतो आणि पांढरी बुरशी धरते ती पानाच्या खालच्या अंगाला. वरून ती दिसणार कशी? शिवाय हा रोग फोफावतो ऑक्टोबर छाटणीनंतरच्या ढगाळ, ओल्या हवेत आणि ढगांआडचे या उपग्रहाला दिसत नाही. नेमक्या गरजेच्या आठवड्यात डोळे बंद! बाग पिवळी दिसली तरी ती रोगाने, पाण्याच्या ताणाने की अन्नद्रव्यांच्या कमतरतेने, हे त्या चित्रावरून कळत नाही. आधी कोणत्या बागेत जायचे, एवढे नकाशाने सांगावे. रोगाचे निदान वेलीखाली उभे राहूनच व्हावे. त्यासाठी गावोगाव किती सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) उपलब्ध आहेत, हेही आपल्या वार्ताहराने विचारायला हवे होते.

– एक द्राक्ष बागायतदार, निफाड (जि. नाशिक)