रश्टनच्या तिकोनी लॉजला खूळ म्हणू नये

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील इंग्लंडच्या प्रवासलेखात नॉर्थहॅम्प्टनशायरमधल्या रश्टनच्या तिकोनी लॉजची, म्हणजे सोळाव्या शतकातल्या एका छोट्या तिकोनी इमारतीची, ‘एका श्रीमंताचे खूळ’ एवढ्यावर बोळवण झाली आहे. मी ४० वर्षे ड्राफ्ट्समन म्हणून इमारतींचे नकाशे काढले. मुलगा लेस्टरला असतो; त्याच्याकडे गेलो असताना ही वास्तू आतून-बाहेरून पाहिली. म्हणून राहवले नाही.

हे लॉज बांधणारा सर टॉमस ट्रेशॅम कॅथलिक होता. एलिझाबेथ राणीच्या काळात हा पंथ उघडपणे पाळणे महागात पडे. राजमान्य चर्चच्या प्रार्थनेला न जाणाऱ्याला १५८१च्या कायद्याने दरमहा २० पौंड दंड होता. ट्रेशॅमची एकूण सुमारे १५ वर्षे कैदेत आणि नजरकैदेत गेली. १५९३मध्ये सुटका झाल्यावर त्याने हे काम हाती घेतले आणि १५९७पर्यंत पुरे केले. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या ख्रिस्ती देवाच्या तीन रूपांवरची श्रद्धा त्याने दगडात बसवली. तीन भिंती, तीन मजले, प्रत्येक मजल्यावर दर बाजूला तीन खिडक्या. धुराडेसुद्धा तिकोनी. दारावर लॅटिनमध्ये कोरले आहे, ‘तीन साक्ष देतात’. लॅटिनमध्ये तीनला ‘ट्रेस’ म्हणतात आणि त्याच्या आडनावाची सुरुवातही तीच.

माझे डोळे मात्र मापांवर खिळले. प्रत्येक भिंत ३३ फूट ४ इंच, म्हणजे तिन्ही मिळून नेमके १०० फूट! वरच्या पट्टीत कोरलेल्या वचनांची अक्षरेही दर बाजूला ३३. फिकट आणि गडद चुनखडीचे थर आलटून-पालटून चढवलेले, तेही साठ अंशांच्या कोपऱ्यांवर. काटकोनाला सरावलेल्या पाथरवटाला तिथे प्रत्येक कोपऱ्याचा दगड वेगळा घडवावा लागला असणार.

आत गेल्यावर तर मी थक्क झालो. तिकोनी खोलीत निमुळते कोपरे वाया जातात, ही आमच्या धंद्यातली नेहमीची अडचण. इथे तिन्ही कोपरे छाटून मधे षटकोनी दालन काढले आहे आणि उरलेल्या तीन तिकोनी जागांपैकी एकीत गोल जिना बसवला आहे. कागदावर हा नकाशा काढून पाहा, किती विचार केलाय ते लगेच कळते.

शिवाय ही नुसती शोभेची वास्तू नव्हती. ट्रेशॅमच्या जमिनीवर मांसासाठी आणि कातड्यासाठी ससे पाळले जात. त्यांची राखण करणाऱ्या माणसासाठी हे लॉज होते.

लेखासोबतच्या छायाचित्रात दोनच भिंती दिसतात. त्यात छायाचित्रकाराचा दोष नाही, तिसरी भिंत एकाच जागी उभे राहून दिसतच नाही. पुढच्या वेळी अशा वास्तूच्या छायाचित्राशेजारी तळमजल्याचा नकाशाही छापावा, ही विनंती.

— एक निवृत्त ड्राफ्ट्समन